फरशी, फडकं आणि प्रिंटरचा पत्ता

प्रिंटरला पत्ता असतो, हे तुम्हाला ठाऊक होतं का? खरं सांगा, उगाच मान हलवू नका. रोज त्याच्या तोंडातून कागद ओढून नेता, कागद अडकला की पोटात हात घालता, चालेनासा झाला की दोन थपडा देता. पण बाबा रे, तू राहतोस कुठे, असं त्याला कधी विचारलंत? नसेल विचारलं तर लाजू नका. ज्या दवाखान्याची ही गोष्ट आहे तिथे चौदा माणसं कामाला होती. त्यातली सहा दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारी. एकानेही विचारलं नव्हतं. विचारलं ते फरशी पुसणाऱ्या बाईने, आणि तेही हौसेने नाही. पाणी गळ्याशी आलं तेव्हा.

तिला सगळे चावीमावशी म्हणत. कमरेला नऊ चाव्यांचा जुडगा, आणि त्यातली कुठली कुठल्या कुलपाची हे ती न बघता, बोटांनी ओळखायची. वय पंचेचाळीसच्या पुढे, अंगाने किरकोळ, शाळा सातवीपर्यंत. वीस वर्षं त्या एकाच दवाखान्यात. दवाखानाही मोठा नव्हे: एक नोंदणीची खिडकी, डॉक्टरांच्या दोन खोल्या, औषधाचा कोपरा, रक्त तपासायची लॅब आणि या सगळ्यांना जोडणारा एक लांबट बोळ. या बोळातच रुग्णांचे बाक आणि बोळाच्या टोकाला एका स्टुलावर तो प्रिंटर.

मावशी सकाळी सव्वासातला कुलूप काढायची. पहिलं काम मेन स्विच. दोन वर्षांपूर्वी बोळातल्या बोर्डातून धूर निघाला होता, तेव्हापासून नियमच झाला: संध्याकाळी जाताना सगळ्या दवाखान्याची वीज मेन स्विचवरून बंद करायची. लॅबच्या फ्रिजची वायर तेवढी वेगळी होती, तो चालू राहायचा. बाकी सगळं रोज रात्री मरायचं आणि रोज सकाळी मावशीच्या हाताने जिवंत व्हायचं. दिवे, पंखे, भिंतीवरचा इंटरनेटचा डबा आणि स्टुलावरचा प्रिंटर.

फक्त सोमवारी आणि गुरुवारी एक फरक असायचा. त्या दोन दिवशी मावशी बोळाची फरशी बादलीभर पाण्याने, औषध टाकून, ओल्या फडक्याने पुसायची. बाकीचे दिवस नुसता झाडू. प्रिंटरच्या स्विचचा बोर्ड जमिनीपासून हातभर उंचीवर. तो धूर मावशीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. म्हणून ओल्या दिवशी ती प्रिंटरचं बटण बंदच ठेवायची आणि फरशी पुरती सुकल्यावर, आठला पाच कमी असताना, चालू करायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिचं तिनेच ठरवलेलं शहाणपण.

आणि त्या शहाणपणानेच तिचा घात केला.

आधी प्रत्येकाच्या टेबलावर आपापला लहान प्रिंटर होता. मग वरून हुकूम आला: सगळ्यांना मिळून एकच मोठा. कंत्राटदाराचा इंजिनिअर आला, बोळातून केबल टाकली, सहा कॉम्प्युटरवर काहीतरी टिपटिप केलं आणि चहा न घेता गेला. चार महिने झाले. प्रिंटर बहुतेक दिवस गुणी बाळासारखा वागायचा. पण मधूनच एखाद्या सकाळी हिरवा दिवा लावून, पोटात कोरे कागद घेऊन नुसता बसून राहायचा. कॉम्प्युटरवरून कागद पाठवला की कॉम्प्युटर म्हणे गेला, आणि प्रिंटर म्हणे माझ्याकडे काही आलंच नाही. रक्ताचे रिपोर्ट अडकायचे, केसपेपर हाताने लिहावे लागायचे, खिडकीपुढे रांग वाढायची. दुपारी साडेबारानंतर कुणीतरी वैतागून मेन स्विच बंद-चालू केला की गाडी रुळावर यायची.

नोंदणीच्या खिडकीत बसणारा कारकून, याला सगळे टायवाला म्हणत, कारण भर उन्हाळ्यातही गळ्यातला टाय सुटायचा नाही. तर या टायवाल्याने तक्ता केला. ज्या दिवशी प्रिंटर बंद, त्या दिवशी लाल फुली. महिनाभराने तक्ता मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या, म्हणजे मॅडमच्या टेबलावर ठेवला. सगळ्या फुल्या सोमवार नाहीतर गुरुवार.

"फडकं फिरतं त्या दिवशी प्रिंटर मरतो, मॅडम," टायवाला म्हणाला. "पाणी वायरीत जातं, नाहीतर वायर ओढली जाते. दुपारपर्यंत सुकतं, मग चालतं. सरळ हिशेब आहे."

राग येतो ना? मलाही आला होता. पण त्याचा तक्ता खोटा नव्हता, हेच तर दुखणं. खोट्याला खोटं म्हणता येतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच वेळ आली, तर कावळ्याने कुठल्या तोंडाने नाही म्हणावं?

बुधवारी मावशीच्या हातात मेमो पडला. 'साफसफाई करताना यंत्राच्या वायरींची निष्काळजी हाताळणी केल्यामुळे दवाखान्याच्या कामात वारंवार अडथळा आला आहे. सबब, येत्या एक तारखेपासून मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात बदली करण्यात येत आहे.' एक तारीख सोमवारी होती. मध्ये दिवस बारा.

"मॅडम, मी वायरीला हात लावला नाही," मावशी म्हणाली.

"मुद्दाम लावलात असं कुठे म्हणतेय मी," मॅडम कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या. "आणि बदली काही शिक्षा नाही. तिथेही पगार तोच."

पगार तोच होता, हे खरं. पण मोठं इस्पितळ दोन बस बदलून जाण्याच्या अंतरावर आणि तिथली पाळी पहाटे सहाची. मावशीचं घर दवाखान्यापासून सात मिनिटांवर, आणि त्या घरात पलंगावर तिचे सासरे. अर्धांगाने डावी बाजू गेलेली. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. दुपारी बाराला मावशी धावत घरी जायची, म्हाताऱ्याला जेवू घालायची, कुशीवर वळवायची, चादर ओढून नीट करायची आणि साडेबाराला परत कामावर. धुलाईत गेली की हे कोण करणार? मेमोत त्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. मेमोत अशी वाक्यं नसतात.

त्या दुपारी तिने घास भरवता भरवता सांगितलं, "मामंजी, माझ्यावर आळ आलाय."

"कसला? चोरीचा?"

"पाण्याचा."

म्हातारा जन्मभर छापखान्यात जुळारी होता. शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, ओळ जुळवायची, पान बांधायचं, छापून झालं की पान सोडून प्रत्येक खिळा परत आपापल्या खणात. चाळीस वर्षं हेच. तोंड वाकडं झालं होतं पण जीभ अजून तिखट होती. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"वायर ओढलीस का तू?"

"नाही."

"नक्की?"

"वीस वर्षं पुसतेय, मामंजी. वायर कुठे आहे ते माझ्या फडक्यालासुद्धा ठाऊक आहे. आणि वायर सुटली असती तर केबल घुसते तिथला बारका दिवा विझला असता. तो लुकलुकत असतो. मी रोज बघते."

"हे मॅडमला सांगितलंस?"

"ऐकतंय कोण."

"मग तोंडाची वाफ दवडू नकोस. प्रूफ काढ," म्हातारा म्हणाला. "आमचा मालक ओरडायचा, हे तू चुकवलंस, ते तू चुकवलंस. मी कधी भांडलो नाही. प्रूफ काढायचं आणि त्याच्या पुढ्यात ठेवायचं. मग तोच चष्मा शोधत बसायचा."

"मी कसलं प्रूफ काढू? मला काय येतं त्यातलं?"

"यंत्र छापतं ना? मग त्यालाच विचार, तुला काय होतंय. बाकी मला पाणी दे आधी, घशात अडकलं."

मावशीला एकदम आठवलं. प्रिंटर बसवला त्या दिवशी इंजिनिअरने त्याचं एक गोल बटण पाच-सहा सेकंद दाबून धरलं होतं, आणि कॉम्प्युटरला हातही न लावता प्रिंटरने आपलं आपणच एक पान छापून बाहेर टाकलं होतं. बारीक अक्षरं, इंग्रजी, मध्येच आकडे. इंजिनिअरने ते बघितलं आणि टोपलीत टाकलं. टोपली मावशीची. पाठकोरा कागद ती कधी फेकत नसे. म्हाताऱ्याच्या औषधाच्या वेळा लिहायला कामी यायचा. ते पान घरात होतं. उशीखाली, गोळ्यांच्या वेळा पाठीवर घेऊन.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. ओला दिवस. फरशी सुकल्यावर मावशीने प्रिंटर चालू केला, गोल बटण दाबून धरलं, मनात सहा आकडे मोजले. पान बाहेर आलं. तिने वर तारीख घातली, खाली लिहिलं 'ओला', आणि घडी करून कमरेला खोचलं. शुक्रवारी पुन्हा. 'कोरडा'. शनिवारी, 'कोरडा'. सोमवारी, 'ओला'. मंगळवारी, 'कोरडा'. गुरुवारी आणि सोमवारी प्रिंटर बसला, टायवाल्याने फुल्या मारल्या आणि दोन्ही वेळा मोठ्याने म्हणाला, "चला, थोडेच दिवस राहिले."

मावशीने उत्तर दिलं नाही. ती उत्तर छापत होती.

मंगळवारी दुपारी पाच नवी पानं आणि एक जुनं अशी सहा पानं पलंगावर पसरली. म्हाताऱ्याने उजव्या हातात भिंग धरलं. इंग्रजी त्याला वाचता यायचं, अर्थ लागो न लागो. जुळाऱ्याला अर्थाशी काय देणंघेणं.

"सगळी सारखीच आहेत गं," तो पुटपुटला. मग थांबला. "थांब. ही ओळ बघ. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक. इथवर सगळीकडे तेच. पण शेवटचा आकडा... कोरड्या पानांवर एकशे एक. ओल्यांवर एकशे दोन."

"जुन्या पानावर?"

त्याने गोळ्यांच्या वेळा उलट्या केल्या. "एकशे एक."



"गल्ली तीच, पण घर बदलतंय," म्हातारा म्हणाला. "आमच्याकडे असंच व्हायचं. नवशिक्याने 'म'चा खिळा 'ग'च्या खणात टाकला, की दुसऱ्या दिवशी मी न बघता हात घालायचो आणि गाईची माय व्हायची. खिळा फुटका नव्हता, हात चुकला नव्हता. खण बदलला होता. सूनबाई, तुझ्या प्रिंटरचा खण कोणीतरी बदलतंय."

"कोण?"

"ते मला पलंगावरून कसं दिसणार. विचार त्या केबलवाल्याला."

प्रिंटरच्या पाठीवर एक चिकटपट्टी होती, तिच्यावर इंजिनिअरचा नंबर. चार वाजता, खिडकी बंद झाल्यावर, मावशीने बोळाच्या टोकाला उभं राहून फोन लावला.

"दवाखान्यातून बोलतेय. प्रिंटरचा शेवटचा आकडा बदलतो. सोमवार-गुरुवारी एकशे दोन, बाकीचे दिवस एकशे एक. असं का?"

 पलीकडचा आवाज एकदम अदबशीर झाला. "आयपी अॅड्रेस बघितलात का तुम्ही? मॅडम, तुम्ही नवीन रुजू झालात का तिथे?"

"वीस वर्षं झाली."

"अच्छा. कुठल्या विभागात?"

"फरशी."

आवाजातली अदब लगेच उतरली.  पण माणूस वाईट नव्हता, नुसताच घाईतला होता. चार महिने टायवाल्याच्या फोनवर 'बंद करून चालू करा' एवढंच सांगत तो उंटावरून शेळ्या हाकत होता. कारण त्याला कुणी आकडा सांगितलाच नव्हता. आता आकडा आला तसा तो सरळ बोलायला लागला.

"भिंतीवरचा डबा आहे ना, त्याला राउटर म्हणतात. त्याला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला तो एक पत्ता देतो, तोच आयपी अॅड्रेस. पत्ते वाटायच्या या कामाला डीएचसीपी म्हणतात. जो पहिला येईल त्याला पहिला नंबर."

"आणि काल दिलेला नंबर?"

"तुमच्याकडचा डबा जुना आहे. वीज गेली की त्याची यादी पुसली जाते."

"आमच्याकडे रोज जाते. आम्हीच घालवतो."

"रोज? मेन स्विचवरून? हे मला कोणी सांगितलंच नाही."

"तुम्ही चहाला थांबला असता तर कळलं असतं," मावशी म्हणाली. "बरं, मग सकाळी जागा धरून ठेवलेली नसते. जो आधी येईल तो बसेल."

"अगदी बरोबर. आणि तुमच्या सहाही कॉम्प्युटरना मी सांगून ठेवलंय की प्रिंटर एकशे एकवर राहतो. ते बिचारे कागद तिथेच पाठवतात."

"आणि ओल्या दिवशी एकशे एकवर कोण बसलेलं असतं?"

"ते मी इथून कसं सांगू? तुम्हीच बघा. प्रिंटर चालू व्हायच्या आधी वायफायला जोडलं जाणारं काहीतरी. मोबाईल असेल. साडेसातला कोण येतं तुमच्याकडे?"

 साडेसातला कोण येतं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

साडेसातला लॅबवाली यायची. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं लवकर येतात, म्हणून तिची पाळी लवकरची. आणि दुपारी साडेबाराला ती नमुन्यांची पेटी घेऊन मोठ्या लॅबला निघून जायची. दवाखान्यात मावशीची जिवाभावाची कोण असेल तर ती. म्हाताऱ्याला जेवू घालून यायला मावशीला पाच मिनिटं उशीर झाला, तर बोळात नजर ठेवणारी तीच. मागच्या महिन्यात एका गुरुवारी ती रजेवर होती, आणि टायवाल्याच्या तक्त्यात नेमका तोच एक गुरुवार बिनफुलीचा. तेव्हा टायवाला म्हणाला होता, त्या दिवशी मावशीने नीट पुसलं असेल.

बुधवारी मावशीने लॅबवालीला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे माझ्या मोबाईलमुळे? आता मला मेमो देतील. मावशी, माझी नोकरी अजून कायम झालेली नाही."

"तुझ्या मोबाईलने काय केलं? मोकळी जागा दिसली, बसला. बसायला कुणी मनाई केली होती? उद्या एवढंच कर, आठ वाजेपर्यंत मोबाईलचं वायफाय बंद ठेव."

गुरुवारी फरशी पाण्याने चकाचक पुसली. नेहमीपेक्षा अर्धी बादली जास्तच. आठला पाच कमी असताना प्रिंटर चालू झाला, पान निघालं: एकशे एक. दिवसभर रिपोर्ट सुरसुर बाहेर येत राहिले. टायवाल्याने तक्त्याकडे बघितलं, फरशीकडे बघितलं आणि टाय सैल केला.

आता मावशीकडे सगळं होतं. नुसतं बोट दाखवलं असतं तरी सुटली असती. घरी म्हाताऱ्याने विचारलंच, "सांगतेस ना उद्या, कुणाचा मोबाईल होता ते?"

मावशी म्हणाली, "मामंजी, तिचं नाव घेतलं की ते प्रिंटरकडे बघायचे नाहीत. माणूस मिळालं की त्यांची चौकशी संपते. चोर सोडून संन्याशाला सुळी, आधी मी होते, आता ती."

"मग?"

"मग मी मॅडमचाच मोबाईल वापरते."

म्हातारा हसला की त्याचा अर्धाच चेहरा हसायचा, पण त्या दिवशी तो बराच वेळ हसत होता.

शुक्रवारी सकाळी साडेसातला मॅडम दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या. आदल्या संध्याकाळी मावशीने एवढंच म्हटलं होतं, "वीस वर्षांत तुम्हाला कधी लवकर बोलावलं नाही. उद्या या." टायवालाही आला, बोलावलं नसताना. कुलूप अजून बंदच होतं. मावशीने मुद्दाम उघडलं नव्हतं. तिने दार उघडलं. शुक्रवार, म्हणजे फरशी कोरडी ठणठणीत. बादली पालथी, फडकं दोरीवर वाळत.

"हात लावून बघा," ती टायवाल्याला म्हणाली. "थेंब दिसला तर सांगा."

तिने मेन स्विच चालू केला. राउटरचे दिवे एकेक करून लागले. "मॅडम, तुमचा मोबाईल इथल्या वायफायला जोडलेला असतो ना? काढा जरा बाहेर." मॅडमनी पर्समधून मोबाईल काढला. वायफायची खूण उमटली. मग मावशीने मुद्दाम बंद ठेवलेलं प्रिंटरचं बटण दाबलं, तो घरघरत जागा झाला, हिरवा दिवा लागला.

"आता कागद पाठवा."

टायवाल्याने आपला कॉम्प्युटर चालू करून पाठवला. कॉम्प्युटर म्हणाला गेला. प्रिंटर ढिम्म. पुन्हा पाठवला. ढिम्म.

"पाणी नाही, फडकं नाही, वायर जागेवर, दिवा लुकलुकतोय," मावशी म्हणाली. "आणि प्रिंटर बंद."

तिने गोल बटण दाबून पान काढलं, शेजारी आधीची सहा पानं मांडली आणि शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. गल्ली एकच, घर वेगळं. राउटर रोज सकाळी पत्ते नव्याने वाटतो. ओल्या दिवशी मी प्रिंटर उशिरा उठवते, शॉक लागू नये म्हणून. तोवर त्याच्या घरात कुणीतरी मोबाईल शिरलेला असतो. आज तुमचा शिरला. कॉम्प्युटर कागद पाठवतायत तुमच्या मोबाईलला, आणि त्याला ते छापता येत नाहीत. हे सगळं ती सावकाश, आवाज न चढवता बोलली. मॅडम पानं पुन्हा पुन्हा बघत होत्या. डॉक्टर माणूस, सहा दिवसांच्या नोंदी आणि सातव्या दिवशी प्रयोग, ही भाषा त्यांना नेमकी कळत होती.

टायवाला मात्र तक्ता सोडायला तयार नव्हता. "पण रोज थोडाच मॅडमचा मोबाईल असतो साडेसातला? मग एरवी कुणाचा असतो?"

लॅबच्या दारात लॅबवाली आजही मोबाईलचं वायफाय बंद ठेवून उभी होती.

"कुणाचाही असेल. आज मॅडमचा होता," मावशी म्हणाली. "द्या मेमो त्याला. आणि पाठवा धुलाईला."

मॅडमना हसू आवरलं नाही. 

शनिवारी इंजिनिअर आला. या वेळी चहा घेतला. प्रत्येक यंत्रावर कारखान्यातूनच एक कायमचा नंबर गोंदलेला असतो, त्याला मॅक अॅड्रेस म्हणतात. पत्ता बदलला तरी तो बदलत नाही. मावशीच्या पानावर तोही छापलेला होता, दोन ओळी खाली. इंजिनिअरने राउटरला बजावलं, हा नंबरवाला जेव्हा येईल तेव्हा, लवकर येवो की उशिरा, एकशे एक त्याच्यासाठीच राखून ठेवायचा, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. दहा मिनिटांचं काम. चार महिन्यांचा खोळंबा, एका बाईचा जीव टांगणीला, आणि काम दहा मिनिटांचं.

"झालं तर मग," मॅडम जाता जाता म्हणाल्या. "मावशी, बदलीचं विसरा. राहा इथेच."

"लिहून द्या."

"अहो, मी सांगतेय ना."

"मेमो बोलून दिला नव्हतात, मॅडम."

"आता कशाला ताणता?" टायवाला मध्ये पडला. "मिटलं ना."

"तुम्ही लिहीत होतात तेव्हा मी म्हटलं का, कशाला लिहिता?"

मॅडम म्हणाल्या, सोमवारी बघू. घाईत होत्या. उद्या दुसऱ्या मॅडम आल्या, त्यांनी फाईल उघडली, तर आत काय सापडणार? निष्काळजी बाई. तोंडी माफीला फाईल नसते, हे मावशीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

सोमवार उजाडला, एक तारीख. मावशी सव्वासातला आली, कुलूप काढलं, मेन स्विच चालू केला, बादलीभर पाण्याने फरशी पुसली, सुकल्यावर प्रिंटर चालू केला. लॅबवालीच्या मोबाईलचं वायफाय खुशाल चालू होतं. प्रिंटरही चालला. मॅडम आल्या तेव्हा त्यांच्या टेबलावर चाव्यांचा जुडगा पडलेला, आणि पलीकडे मावशी उभी.

"हे काय?"

"आज एक तारीख. कागदावर मी धुलाई विभागात आहे. इथल्या चाव्या माझ्याकडे कशा राहतील? उद्या काही गेलं तर पुन्हा आळ यायचा."

"मावशी, तुम्ही फार हट्टी आहात."

"हो."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. मग कपाटातून फाईल काढली, मेमो काढला, आणि त्याच्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलं: 'तपासणी केली. बिघाड प्रिंटरचा पत्ता निश्चित न केल्यामुळे होत होता. कर्मचाऱ्याचा कोणताही दोष आढळला नाही. हा मेमो आणि बदलीचा आदेश रद्द.' खाली सही, तारीख, शिक्का. मावशीने ती ओळ उभ्याउभ्या वाचली, एकदा नव्हे दोनदा, आणि प्रत मागितली. प्रत मिळाली तेव्हा कुठे तिने चाव्या उचलल्या.

बाराला ती घरी गेली. म्हाताऱ्याला कुशीवर वळवलं, उशी उंच केली, भिंग हातात दिलं आणि कागद पुढे धरला. त्याने सवयीने शेवटून वाचायला सुरुवात केली, आधी शिक्का, मग सही, मग ओळी.

"बरं लिहिलंय," तो म्हणाला. "अक्षर मात्र डॉक्टरचं."

"जेवा आता. साडेबाराला परत जायचंय."

आता तुम्ही. हो, तुम्हीच, ज्यांच्या टेबलामागे कपाट आहे आणि कपाटात हाताखालच्या माणसांच्या फाईली आहेत. आज घरी जायच्या आधी ते कपाट उघडा. ज्या मेमोचं कारण तुम्ही स्वतः कधी तपासलं नाहीत, असा एखादा तरी त्यात सापडेल. तो बाहेर काढा, तपासा, दोष नसेल तर त्याच्याखाली तसं लिहा, सही करा, आणि त्या माणसाला समोर बसवून त्याची प्रत त्याच्या हातात द्या.